खर्रा कोणी दिला

इंदूबाईंस,

त्या सकाळी मी अंगण झाडलं, भाकरी टाकल्या, दोरीवरचा ह्यांचा शर्ट काढून दिला. "चाल ना वो, गाडी निंगून जाईन," हे फाटकातून ओरडत होते. अकोल्याला दवाखान्यात जायचं होतं. बस चालवायला तुमचे मालक श्रावणभाऊ होते, ओळखीचे म्हणून आम्ही पुढंच बसलो.

ह्यांनी सुपारी-तंबाखूचा खर्रा काढला. जवळच्याला विचारल्याशिवाय तोंडात टाकायची ह्यांना सवयच नव्हती. "घ्या श्रावणभाऊ, ताजा हाय."

"वयनी, पाहून काय राहिल्या? ह्यायले सोडवा हा खर्रा!" श्रावणभाऊ हसले आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा घोटू लागले. पातूरच्या घाटातलं वळण तेव्हाच आलं. बस उलटली. हे गेले, मी राहिले.

परवा तुम्ही दारात येऊन म्हणालात, "खर्रा तुमच्याच मालकानं देल्ला. कोर्टात सांगा ना थे!" मी दार लोटलं. भरपाईच्या दाव्यातले माझे वकील आधीच म्हणाले होते, "ड्रायव्हर खर्रा घोटत होता एवढंच सांगा. कोणी दिला ते काढाल तर भरपाईवर पाणी सोडावं लागेल." ह्यांना विचारावंसं वाटलं. पण घरात विचारायला कोणी नव्हतं.

तुमच्याशी तोंडावर बोलले नाही, हे पत्रही टाकणार नाही.

काल मी कोर्टात गेले. श्रावणभाऊंनी स्टिअरिंग सोडलं होतं, हे सांगितलं. खर्रा ह्यांनी दिला होता, हेही सांगितलं.

साधना