नातीच्या डोक्यावरचं पाणी

बाबा, मी डेन्मार्कहून परत आले, पण घाटंजीत मन लागत नाही. लेकीकडे गेले होते. ती पोटात असतानाच तुम्ही गेलात, तुम्ही तिला पाहिलंच नाही. तिचा नवरा तिकडचाच. तिथलं आपलं देऊळ म्हणजे जुन्या कारखान्याची शेड, लंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी सजवलेली. दाराशी बर्फाने ओले झालेले बूट, आत कापराचा वास. एका अनोळखी बाईने माझा हात धरून मला पुढे नेऊन बसवलं आणि मला रडूच आलं. इथे जन्म गेला, पण हिंदू असणं असं गाडी काढून शोधत जावं लागतं, हे कुठे माहीत होतं!

परतताना गाडीत नात म्हणाली, "आजी, वर्गातल्या मुली चर्चमध्ये दीक्षा घेणार आहेत. मलाही घ्यायची आहे. आधी डोक्यावर पाणी घालतात. मग मी तुझी राहीन ना?" घरी आल्यावर भाजी चिरता चिरता लेक म्हणाली, "आई, तू नको म्हटलं तर मी समजावीन तिले."

मला तुम्ही आठवलात. पांढरकवड्याला कचेरी सुटली की मला सायकलवर बसवून फिरवायचात आणि दर्ग्यापाशी उतरून हात जोडायचात. "आपण तर हिंदू ना?" मी विचारलं, तर चिडलात. "काहून इचारून राह्यली? हात जोडाले कोनाची परवानगी लागते काय?" पण तुमच्या पुतण्याने मिशनच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सशी लग्न केलं, त्या दिवशी दार लावून बसलात, जेवलाही नाहीत. यातले खरे तुम्ही कोणते? मी कोणत्या तुम्हाला विचारायचं होतं?

मी नातीला "जा" म्हणाले. का म्हणाले, अजून कळत नाही. चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसले आहे, पाद्रीबाई तिच्या डोक्यावर पाणी घालताहेत, आणि माझे हात आपोआप जोडले जातात. बाहेर येऊन ती ओल्या केसांनीच माझ्या गळ्यात पडली. पुढच्या शुक्रवारी देवळात माझ्याआधी बूट काढून आत पळाली, कपाळाला भस्म लावून आली. तिला थांबवावं की जवळ घ्यावं, मला उमजेना.

इथे शेजारणी तिकडचे फोटो मागतात. मी दाखवते. चर्चमधला, पांढऱ्या झग्यातल्या नातीचा फोटो आला की सांगते, तिचा वाढदिवस होता. तुम्ही असता, तर तुम्हालाही बहुतेक हेच सांगितलं असतं.