घमेल्यात उभा राहिलेला डाव

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत, आणि मुख्य म्हणजे तुझा पितळी डाव सापडला का? तो काकांनीच भंगारात घातला म्हणून तू तीन महिने त्यांच्याशी बोलत नाहीस, असं ताईकडून कळलं. (पानं वाढलीत हेसुद्धा म्हणे तिच्यामार्फतच कळवतेस.) ऐकून फार वाईट वाटलं.

इथे आमचं काम ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलभोवती रेझिन ओतायचं. ते घट्ट झालं की वीज भलतीकडे जात नाही. ते घट्ट व्हायला त्यात हार्डनर घालायचा तो काट्यावर मोजून, थोडाथोडा, हातमोजे आणि मास्क चढवून, वारा खेळता ठेवून. सुपरवायझर बाई हे रोज सकाळी घोकून घेतात. पण मी वाढलो तुझ्या हाताखाली! तू कधी मीठ मोजलंस? मीही अंदाजपंचे दाहोदरसे ओतलं, आणि चार वेळचं एकदम कालवून मोकळं व्हावं म्हणून चांगलं घमेलंभर कालवलं. दहा मिनिटांत ते आपलं आपणच तापलं, धुमसायला लागलं, आणि मी (ढवळलं की निवतं, ही तुझीच शिकवण) ढवळतोच आहे. बाईंनी मला कॉलरला धरून बाहेर काढलं, सगळ्यांना अंगणात पिटाळलं आणि धूर निवळेपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. म्हटलं, गेली नोकरी. बाई एवढंच म्हणाल्या, "हे स्वयंपाकघर नाही. इथे हाताला चव नसते, हाताला फोड येतात."

तेव्हापासून मी चहातली साखरही मोजून घालतो. काल माझी कॉइल तपासणीत पास झाली आणि मी कायम झालो! इतका आनंद झालाय की काय सांगू. काकांना नमस्कार (ताईमार्फत).

तुझा,
भाचा

ता. क. ढवळायला घेतला होता तो तुझाच डाव. घर सोडताना तुझी आठवण म्हणून पिशवीत टाकला होता. आता तो दगड झालेल्या घमेल्यात ताठ उभा आहे, आणि नव्या लोकांना अद्दल म्हणून बाईंनी तो दारात मांडलाय. उपटून निघाला तरी जेवणात वापरायचा नाही. काका निर्दोष आहेत.

ता. क. २. गेल्या रविवारी काका येऊन गेले. मी डाव पिशवीत टाकताना त्यांनी पाहिलं होतं! मग बोलला का नाहीत, विचारलं. म्हणाले, "पहिल्यांदा घर सोडून निघाला होतास. आणि खरं सांगू, पहिला आठवडा शांततेत बरा गेला. दुसऱ्यापासून करमेना." जाताना हुबेहूब तसाच डाव विकत घेऊन गेलेत. द्यायचा धीर होत नाही, गादीखाली ठेवतो म्हणाले. तेवढा अंथरूण घालताना सहज सापडल्यासारखं कर, आणि पहिलं तूच बोल.