महमूदच्या ट्रकवरचा पीटीओ मी बसवलेला नाही

लिहून ठेवणार: चांगदेव लडकू तरे, वय ६३, धंदा ट्रकचे गिअरबॉक्स आणि पीटीओ दुरुस्ती, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी लांबचे बेत करू नका असं सांगितलं आहे, पण डोक्याला काही झालेलं नाही. डोळ्यांनाही नाही. मोतीबिंदू काढून भिंग बसवलं त्याला अडीच वर्षं झाली; आजही सुईत दोरा मी ओवतो आणि शिवते माझी बायको. डोळ्यांचं का लिहिलं ते कलम चारमध्ये आहे. २०१९ साली केलेलं मृत्युपत्र, ज्यात अर्धं गॅरेज धाकटा भाऊ भावेश याला लिहिलं होतं, ते मी रद्द करतो.

१. अंजूरचं राहतं घर पत्नी गुणाबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर मुलगी निशा हिला. मागच्या दारी लावलेला फणस तोडू नये. त्याला अजून एकही फणस लागलेला नाही, पण म्हणून कोणी कोणाला तोडत नाही.

२. बँकेतली ठेव गुणाबाईची. ती कशी वापरायची हे तिला कोणीही शिकवायला जाऊ नये, मला जमलं नाही.

३. वळ येथील गॅरेज, शेडसकट, निशाला. जागा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. निशा एका गोदामात ऑफिस सांभाळते, पाना हातात धरणार नाही, हे मला माहीत आहे. भाड्याने द्यावं, विकावं, तिची मर्जी. भावेशला मात्र भाड्यानेसुद्धा देऊ नये.

४. हे कलम मालमत्तेचं नाही. वकील म्हणाले, वगळा. मी वगळणार नाही.

पीटीओ म्हणजे गिअरबॉक्सच्या कुशीतल्या खिडकीवर बसणारा छोटा डबा. इंजिनाची ताकद तो पंपाला देतो आणि टिपरची मागची बॉडी उचलली जाते. आमच्याकडे येतात ते बहुतेक जुने, भंगारातून निघालेले. त्यावरच्या पत्र्यावर विसंबायचं नाही, पत्रे बदललेले असतात. आधी बोल्टची भोकं बघायची. मग एका दातावर खडूची खूण करून चाक फिरवायचं आणि दात मोजायचे. ते सरळ आहेत की तिरपे, जाड आहेत की बारीक, हे गिअरबॉक्समधल्या चाकाशी ताडायचं. फिरायची दिशा बघायची. शेवटी पॅकिंग घालून बोटाने हलवायचं, नखाएवढा खेळ राहिला पाहिजे. एवढं झालं की बसवणाऱ्याने पंच, म्हणजे अक्षर कोरलेला पोलादी ठसा, ठोकून स्वतःचं अक्षर डब्यावर उमटवायचं. जुन्या मालाला कंपनीची हमी नसते, बसवणाऱ्याचीच असते. माझं अक्षर ‘च’. भावेश माझ्याच हाताखाली शिकून माझ्यासोबत काम करायचा, पण स्वतःचा पंच त्याने कधी केलाच नाही. गिऱ्हाईक ‘च’ बघून येतं, म्हणायचा. मीही मूर्खासारखा खूश व्हायचो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस मी पट्टी बांधून घरी होतो. जाताना पंच भावेशच्या हातात दिला. चूक माझी तेवढीच, पण ती मोठी. त्याच आठवड्यात त्याने आमचं गिऱ्हाईक महमूद याच्या टिपर ट्रकवर जुना पीटीओ बसवला. भोकं सहाला सहा जुळली, म्हणून दात मोजले नाहीत. दात जाड होते. डबा बसेना, तेव्हा एकाच्या जागी चार पॅकिंगं घातली आणि वर माझं अक्षर ठोकलं. तीन आठवड्यांनी चालत्या गाडीत दात तुटून गिअरबॉक्समध्ये पडला, मागची चाकं जागीच जाम झाली आणि गाडी उलटली. गाडी महमूद स्वतः चालवत होता, त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला.

गिअरबॉक्स आमच्याच शेडमध्ये उघडला. पंधरा-वीस गाडीमालक जमले होते. डब्यावर ‘च’ होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी भावेशकडे. तो म्हणाला, “दादाची नजर गेलीय. मी कवाचा सांगतो, आता पंच खाली ठेव म्हनून. ऐकतच न्हाय.”

बाप वारला तेव्हा भावेश पाच वर्षांचा होता. माझ्या लग्नात तो माझ्याच मांडीवर झोपला होता. पीटीओ बसवला तेव्हा माझ्या डोळ्यावर पट्टी होती, एवढं वाक्य मला शेडमध्ये बोलता आलं असतं. मी बोललो नाही. वाटलं, तो स्वतः बोलेल. सगळे गेल्यावर मला म्हणाला, “दादा, तुझा नाव मोठा हाय, तुला कोन काय बोलनार? माझा आत्ता कुठं जमतंय.” मी तरीही वाट बघितली. आज अडीच वर्षं झाली.

महमूद आता टेमघरला पंक्चरचं दुकान चालवतो. मला बघितलं की कुबडीवर उठून उभा राहतो. म्हणतो, “चाचा, दिल पे मत लो. उमर में नजर चूक जाती है. मैंने माफ किया.” इतकं मला कोणाच्या शिवीने लागलं नाही. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन मला मरायचं नाही. म्हणून लिहितो की तो पीटीओ मी बसवलेला नाही. दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे.

५. माझी सगळी हत्यारं, पान्यांचे संच आणि चेनपुली महमूदला द्यावी. ही भरपाई नाही. मी गप्प राहिलो, त्यामुळे त्याला अडीच वर्षं खोटं खरं मानून जगावं लागलं, त्याबद्दल आहे.

६. ‘च’चा पंच कोणालाही देऊ नये. ग्राइंडरवर घासून सपाट करावा.

७. भावेशला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळत नाही तो चांगला साक्षीदार, असं वकिलांनीच सांगितलं, म्हणून पहिला साक्षीदार मी त्यालाच निवडला आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असा कायदा नाही. मी सही करताना त्याने बघितलं की पुरे.

तो आत्ता इथेच बसला आहे. दुसरे साक्षीदार काळूराम केणी गुरुजी रिक्षाने येत आहेत, तोवर हे शेवटचं लिहितो. मघाशी मी कागद त्याच्यापुढे सरकवला. म्हटलं, “भावेश, वाचून घे. सगळा वाच.” त्याने मोबाईलमधून मान वर केली. “तू लिवलाय तं बरोबरच आसल, दादा. सही कुठं करू तेवढा सांग.”

त्याने वाचलं असतं आणि एक शब्द बोलला असता, तर देवाशपथ मी हा कागद फाडला असता. अजूनही गुरुजी आलेले नाहीत. तो अजूनही मोबाईलच बघतो आहे.

भावेश, माझ्यामागे या कागदावर शंका निघाली, तर तुलाच कोर्टात उभं करतील आणि सगळ्यांसमोर कलम चार तुझ्यापुढे धरतील. महमूदही तिथे असेल. मग एक तर हा कागद खरा म्हण, नाहीतर तुझी स्वतःची सही खोटी म्हण.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करत आहे.

चांगदेव लडकू तरे (सही)

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

१) भावेश लडकू तरे, वय ४६, राहणार अंजूर (सही) – मजकूर न वाचता
२) काळूराम विठू केणी, निवृत्त शिक्षक, राहणार टेमघर (सही) – मजकूर वाचून

ठिकाण: अंजूर, तालुका भिवंडी
दिनांक: १४ जून २०२५