माल उतरवायच्या दारातला वरंबा

आई, गेल्या आठवड्यात पुन्हा गोडाऊनमध्ये पाणी शिरलं. मागच्या दारातून, जिथे टेम्पो मागे घेऊन पेंडीची पोती उतरवतात. खालच्या थरातली सगळी पोती फुगली. वाळवली तरी बुरशीचा वास सुटतोच, आणि तसली पेंड जनावरापुढे टाकायची नाही हा तुझाच दंडक. खड्डा खणून पुरली. तुझी सून खड्ड्याच्या काठाशी उभी राहून म्हणाली, "आता पुरे करा. दिवाळीनंतर सोडून देऊ हे गोडाऊन." मी खड्ड्यात माती लोटत राहिलो.

वडील गेल्यावर हे पशुखाद्याचं दुकान तू एकटीनं चालवलंस, आणि तुझ्या हयातीत एक पोतं भिजलं नाही. तुझं माहेर माळवदाचं. पावसाळ्याआधी छतावर पांढरी माती घालायची ही तिकडची रीत, ती तू जामखेडात आणून दाराला लावलीस. मामाकडून माती यायची. भुसा घालून ती पायानं तुडवायचीस आणि दारापुढे शेतात घालतात तसा वरंबा घालायचीस, एका अंगाला उतरता, म्हणजे पाणी शेजारच्या ओढ्याला लागावं. मला तू आत्ताही दिसतेस. पदर खोचलेला आहे, हात कोपरापर्यंत मातीत आहेत. टेम्पोवाला डोकं बाहेर काढून विचारतो, "मावशी, मोडू का?" तू म्हणतेस, "मोड की. माल काय हवेतनं येनार हाय व्हय? सांजच्याला परत घालते." टेम्पो आला की मोडायचा आणि संध्याकाळी तू पुन्हा घालायचीस. एकदा कॉलेजातून येऊन मी ओल्या वरंब्यावरच चप्पल घालून उभा राहिलो. "डोळं हायत का बटनं? पाय उचल!" हमालांदेखत ओरडलीस म्हणून मला राग आला. घरी जाताना मात्र तू माझ्याच खांद्यावर हात टाकलास, तुडवून तुडवून पाय आखडले होते तुझे.

आता त्या मागच्या दारापुढचा रस्ता सिमेंटचा झालाय आणि दारापेक्षा उंच आहे. शेजाऱ्यांनी मुरूम टाकून आपापल्या जागा वर घेतल्या. ओढ्यावर गाळे उभे राहिले. वाईट कुणीच नाही गं, ज्यानं त्यानं आपलं दार उंच केलं आणि खाली राहिलं ते आपलं. आपली जमीन उचलावी तर छप्पर ठेंगणं. दारापुढे जाळीचं गटार केलं, ते पुड्यांनी आणि पिशव्यांनी तुंबलं. सगळा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसतो आणि मी एकटा मनात म्हणतो, नको. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, आणि मी पाऊस नको म्हणतो. फार लाज वाटते.

शेवटी मामाच्या पडक्या माळवदाची माती आणली. भुसा घातला, तुडवली, वरंबा घातला. तुझ्या वेळचा एक म्हातारा हमाल अजून येतो. तो हात फिरवून म्हणाला, "आक्काचाच वरंबा हाय ह्यो. न्हाई फुटायचा." मग गेल्या आठवड्यातला तो पाऊस आला तेव्हा मी दारातच उभा होतो. वरंबा फुटला नाही, आई. कुठे झिरपलासुद्धा नाही. पाणी त्याच्यावरून आत आलं, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच उरलेली नव्हती.

इतकी वर्षं मी जो भेटेल त्याला सांगत आलो, आई असती तर पाणी आत आलं नसतं. त्या एका वाक्यावर हे गोडाऊन धरून बसलो होतो. आता ते वाक्यही गेलं, आणि तू गेलीस तेव्हासारखंच ओकंओकं वाटतंय.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. काल तुझ्या सुनेनं विचारलं, "आईंसारखा नव्हता का जमला?" मी म्हणालो, "नाही, माझंच काहीतरी चुकलं." पण अगदी तुझ्यासारखा जमला होता.