गुरुवारची यादी

पोर्ट केंब्ला, ऑस्ट्रेलिया
दि. १२ जानेवारी १९६९

चि. हेडलीस,
विनीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. चार ओळी, आणि त्यातल्या तीन हरलेल्या सामन्यांच्या! अरे, बहिणीला लिहितोस की वर्तमानपत्राला?

इथं ऊन मी म्हणतंय. बेरिल गेल्या महिन्यात नवऱ्याबरोबर ब्रिस्बेनला राहायला गेली. तिचा बाप, माझा क्लेम, खाणीत दगावला तेव्हा ती आठ वर्षांची होती, तिला बोटाला धरून मी बोटीवर चढले होते. आता तिचा संसार झाला, आणि मी चार खोल्यांत एकटी. स्वयंपाक अजून दोघींचा होतो आणि उरतो.

आता कामाचं. इथल्या रग्बी क्लबचे सेक्रेटरी मिस्टर डूली परवा माझ्या पायरीवर बसून दोन कप चहा पिऊन गेले. त्यांना कोच हवाय. तुझं नाव मी काढलं नाही, त्यांनीच काढलं. राहायला घर देतात, पोलादाच्या कारखान्यात दिवसपाळीचं हलकं काम देतात. माणसं आपल्यासारखीच, खाणवाली. तेरा जणांचंच रग्बी खेळतात, ते पंधरा जणांचं साहेबी नव्हे. हॅगथॉर्पचा क्लब तुला काय देतो रे? ओले बूट आणि तळाची जागा. पन्नाशी झाली तुझी. ये इकडे. दोघं भावंडं म्हातारपणी एका घरात भांडत बसू.

होकार कळव. मार्चअखेर त्यांना उत्तर हवंय. आहे तेवढा लोभ राहू दे, वाढवायचा असेल तर येऊन वाढव.

तुझी,
विनीताई

हॅगथॉर्प, यॉर्कशायर
दि. २६ जानेवारी १९६९

ती. विनीताईस,
हेडलीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मिस्टर डूलींना माझे आभार सांग. एवढ्या लांबून कुणी नाव काढलं, की बरं वाटतंच.

इकडे थंडीनं गोठून मैदानाचा दगड झालाय. शुक्रवारी सगळ्या पोरांनी मिळून पेंढा पसरला, शनिवारी सकाळी तो उचलला, आणि दुपारी आम्ही हरलो. किती गुणांनी ते विचारू नकोस. मासे-बटाटेवाला ओल्ड्रॉइड म्हणाला, की हेडली, पुढच्या वेळी पेंढ्यालाच खेळव.

तुझी सासू ठणठणीत आहे. हॅनामावशीला एक्क्याऐंशी लागलं. डोळ्यांनी जवळपास काही दिसत नाही, पण दर सोमवारी संघाच्या जर्सी तीच धुते. क्लबनं तिला धुलाईचं मशीन घेऊन दिलं, तर तिनं त्यावर फुलाची कुंडी ठेवली. पाठीवरचे आकडे बोटांनी चाचपते आणि कुणाची जर्सी कोपरात फाटली ते मला ऐकवते.

येण्याचं म्हणशील तर कठीण दिसतं. कुत्री म्हातारी झाली आहे, तिला बोटीचा प्रवास झेपणार नाही. हंगाम अर्ध्यावर आहे. खाणीत कामगारांना दिवे द्यायच्या खोलीत माझ्याजागी माणूस मिळणं अवघड आहे. राग मानू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
हेडली

पोर्ट केंब्ला
दि. ६ फेब्रुवारी १९६९

चि. हेडलीस,
आशीर्वाद. वि. वि.

कुत्री? मला कुत्रीचं कारण देतोस? लाज नाही वाटत?

शहरातल्या मोठ्या क्लबनं तुला दोनदा बोलावलं, तू गेला नाहीस. तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, घर सोडवत नसेल. आता सख्खी बहीण बोलावतेय तरी नाही. तू त्या क्लबला का चिकटून बसलायस ते मला कळत नाही असं समजू नकोस. क्लेमपायी बसलायस. त्या गुरुवारी तू त्याला संघातून वगळलंस, सामना नाही म्हणून तो शनिवारी सकाळच्या जादा पाळीला गेला, आणि खाणीचं छत त्याच्यावर आलं. संघात असता तर अंथरुणात लोळत पडला असता. हे गावाला ठाऊक आहे, तुला आहे, मला आहे. बारा वर्षं तू त्याची शिक्षा भोगतोयस. बस झालं. मी बायको होते त्याची, मी म्हणते बस झालं.

एकदा तरी खरं लिही. नाहीतर पत्रच लिहू नकोस.

विनी

हॅगथॉर्प
दि. १७ फेब्रुवारी १९६९

ती. विनीताईस,
सा. न. वि. वि.

बरं. खरं लिहितो.

तू निघून गेलीस त्याच्या आधीची गोष्ट आहे, तुला कधी सांगितली नाही. क्लेमला पुरल्यानंतरच्या मंगळवारी मी शिट्टी आणि किल्ल्या घेऊन क्लबात गेलो. सरावाला कुणी यायच्या आत त्या टेबलावर ठेवायच्या आणि गाव सोडायचं, असं ठरवलं होतं. वाटेत ओल्ड्रॉइडच्या दुकानाच्या काचेवर अजून त्या गुरुवारची संघाची यादी चिकटलेली होती. माझ्या अक्षरातली तेरा नावं, आणि त्यांत क्लेम नाही. ती काढायला कुणाचा हात झाला नव्हता. मीच काढली.

क्लबात शिरलो तर हॅनामावशी बसलेली. पोराला पुरून चार दिवस झाले होते, आणि ती जर्सी धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून घेऊन आली होती. तिनं शिट्टीकडे बघितलं आणि ओळखलं. म्हणाली, की हेडली, तू गेलास तर हे गाव कायमचं म्हणत राहील, माझ्या पोराला यादीनं मारलं. तू राहिलास तर त्याला छतानं मारलं. मला छतानं मारलेलं चालेल, ते सोसता येतं. मग म्हणाली, की गुरुवार जवळ आलाय, नावं ठरवायला लाग.

त्यानंतर पोरं आली. बूट बांधायला बसली.

मोठ्या क्लबचे लोक आले तेव्हा मी त्यांना काय सांगणार होतो? ही बाई अजून दर सोमवारी जर्सी धुते, आणि मी जाऊ? यादी मी अजून काचेवर लावतो, पण ज्याचं नाव नाही त्याच्या दारात आधी जातो आणि तोंडावर सांगतो. कुणी शिव्या देतो, कुणी चहा. एकाच्या बायकोनं बादली ओतली होती. पण खोटं कारण सांगत नाही. क्लेमला मी खोटं सांगितलं होतं ताई. खरं कारण तुला माहीत आहे आणि मला, तिसऱ्या कुणाला नाही. ते माझ्याबरोबरच जाईल, काळजी करू नकोस.

मिस्टर डूलींना नाही म्हणून कळव. कुत्रीचं मात्र खरं होतं. ती बुधवारी गेली.

तुझा,
हेडली

पोर्ट केंब्ला
दि. २७ फेब्रुवारी १९६९

प्रिय हेडली,

आज आशीर्वाद लिहीत नाही. कुठल्या तोंडानं देऊ?

काळजी करू नकोस म्हणतोस. अरे, त्या वाक्यानं मी दोन दिवस जेवले नाही. बारा वर्षं गाव तुझ्याकडे बोट दाखवतंय आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. मी मात्र बोटीवर चढून मोकळी झाले. आणि वर तुलाच लिहिते, की तू वगळलंस म्हणून!

या पाकिटात दुसरं पत्र आहे, सासूबाईंना. तिला वाचता येत नाही, तेव्हा तूच वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस, माझी शपथ आहे. त्यात सरळ लिहिलंय, की आधीच्या सामन्यात क्लेमच्या डोक्याला मार बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यानं बेरिलला माझ्या नावानं हाक मारली, तीही तीनदा. मी घाबरले. बुधवारी तुझ्याकडे येऊन रडले, की याला या आठवड्यात खेळवू नकोस, आणि मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस, तो मला माफ करणार नाही. तू नाही म्हणत होतास. मी तुझा हात धरून बसले. म्हणून तू त्याला जाऊन सांगितलंस, की तू आता मंदावलास. तुझ्या तोंडून त्यानं ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. ते माझं होतं हेडली.

तिला मला जे म्हणायचं असेल ते म्हणू दे. शब्दन् शब्द मला लिही. आणि मग तू मोकळा. तुला तिथं बांधून ठेवणारं काही उरणार नाही. डूलींना मी अजून काही कळवलेलं नाही.

विनी

हॅगथॉर्प
दि. ११ मार्च १९६९

ती. विनीताईस,
सा. न. वि. वि.

वाचलं. रविवारी जेवणानंतर तिच्या स्वयंपाकघरात वाचलं, एकही ओळ गाळली नाही. मध्ये एकदा नाक पुसायला थांबलो. संपल्यावर म्हणाली, की परत वाच. परत वाचलं.

मग जे म्हणाली ते शब्दन् शब्द लिहितो. म्हणाली, की अरे येड्यांनो, त्याला माहीत होतं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी क्लेम तिच्याकडे मासे खायला गेला होता. खाताना हसत सुटला. म्हणाला, की हेडलीला खोटं बोलता येत नाही, मी मंदावलो म्हणून सांगताना स्वतःच्या बुटांकडे बघत होता. हे विनीचं काम आहे. बायकोनं आणि मेव्हण्यानं मिळून मला एका शनिवारची सुट्टी दिलीय, आणि मी आपला तोंड पाडून घेऊन टाकली. आई, त्यांना कळू देऊ नकोस, बिचाऱ्यांना वाटू दे आपण फसवलं. डोकं दुखतंच होतं म्हणाला. आणि पाळीला तो रागानं गेलाच नव्हता. सामन्याच्या दिवशी दुपारपर्यंत घरात बसवणार नाही, म्हणून गेला. अडीच वाजता सामन्याला येऊन मैदानाच्या कठड्याशी उभा राहून माझ्यावर ओरडणार होता.

मी विचारलं, मावशी, बारा वर्षं का बोलली नाहीस? म्हणाली, की बोलले असते तर गावानं विनीकडे बोट दाखवलं असतं. तिला एक पोर वाढवायची होती. आणि तुम्ही एकमेकांशी बोलला असाल असं वाटलं, भावंडं ना तुम्ही? ताई, ती तुला जपत होती, मी तुला जपत होतो, आणि तू तिकडे एकटी जळत होतीस. मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो, या वयात.

तुझ्यासाठी निरोप आहे. म्हणते, की विनीला म्हणावं एकदा ये. मला दिसत नाही, पण हातानं बघीन. आणि लवकर ये, मी काही कायमची नाही.

मला म्हणाली, की तू राहा म्हणाले होते ते वर्षभरासाठी, गावाचं तोंड बंद होईपर्यंत. बारा वर्षं कुणी सांगितली होती? जा तुझ्या बहिणीकडे. जर्सी कुणीही धुईल.

दोन दिवस मी मोकळा माणूस म्हणून फिरलो. बोटीच्या तारखासुद्धा बघितल्या. ताई, तुझ्याकडे यावं असं फार वाटतं, हे खोटं नाही. तू एकटी जेवतेस हे डोळ्यांपुढून जात नाही. पण आज मंगळवार, सरावाला गेलो. पाऊस, चिखल, पंधरा माणसं, त्यांतली चार लंगडी. एकमेकांच्या खांद्यांत खांदे घालून वाकली, आणि माझ्या लक्षात आलं, की आज मला इथं कुणीही बांधलेलं नाही, मावशीनं नाही, क्लेमनं नाही, तू नाही. आणि मला कुठंही जायचं नाही. मला हा क्लब आवडतो गं. बारा वर्षांत हे मला आज पहिल्यांदा म्हणता आलं.

मिस्टर डूलींना मीच पत्र टाकलंय. तू ये. तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे, आता तो लपवून ठेवावा लागत नाही, एवढंच.

तुझा,
हेडली