चाप हलका झाला

बिरकत अल अवामेर, कतार
३ नोव्हेंबर २०२४

ती. खलीलभाई यांस, धाकट्या वलीचा सलाम वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून गावी निघालेल्या मुदस्सिरच्या हाती खजुराचा डबा आणि हे पत्र. डब्याच्या तळाशी कागदात स्प्रिंग आहे, ती खाऊ नकोस.

अब्बांच्या त्या बावीस बोअरच्या रायफलीला कंपनीने चाप दिलाय की विहिरीचा रहाट? तू ओढेस्तोवर वांदर नारळ खाऊन करवंटी तुझ्याच डोक्यात मारतो. मला सातवी नापास म्हणतोस ना? इथे कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, नेमबाजी क्लबात मी हत्यारं दुरुस्त करतो. आमचे म्हातारे उस्ताद, वसईचे लुईसअंकल, त्यांनी शिकवलं तसं स्प्रिंग बसवायचं चित्र काढलंय. चाप लोण्यासारखा चालेल.

म्हातारा काम झालं की रिकामी रायफल रबरी हातोडीने ठोकतो, चटईवर आपटतो, धक्क्याने चाप सुटतो का बघायला. तू तो पोरखेळ करू नकोस. फक्त एकदा कबूल कर, धाकट्याला अक्कल आहे.

लोभ वाढव, टोमणे कमी कर.
तुझा वली

दाभोळ
१ डिसेंबर २०२४

चि. वलीस, दुवा.

स्प्रिंग बसवली. चाप हलका झाला. पहिल्या बारातच वांदर पळाले ते तीन दिवस फिरकले नाहीत. रायफल नेहमीसारखी भरून दाराआड उभी असते. वांदर काय गोळी भरेपर्यंत थांबतात?

अम्मी गावभर सांगते, माझ्या वलीने कतारात बसून बंदूक सुधारली. वाचता येत नाही, पण तुझं चित्र उशाखाली ठेवलंय. जा, कबूल. अक्कल आहे.

आहे तसा लोभ ठेव.
खलील

बिरकत अल अवामेर
३० जानेवारी २०२५

ती. भाईस सलाम वि. वि.

तुझी कबुली १० डिसेंबरला मिळाली, खोलीत सगळ्यांना वाचून दाखवली. भरून ठेवतोस हे ऐकून लुईसअंकल ओरडले, की आत्ताच्या आत्ता फोन कर, जुनी स्प्रिंग घालायला सांग. मी म्हटलं, खलास! भाई घाबरट, लगेच काढेल आणि कबुलीही परत घेईल. नाही केला.

अम्मी आळशी झालीय काय? व्हिडिओत बघावं तेव्हा बसलेली, नुसतं तोंड दाखवते. अल सद्दहून मऊ चपला घेतल्यात तिच्या मापाच्या. तबिशबरोबर पाठवतो. तिला म्हणावं, चाल जरा.

लोभ आहेच, कळव.
वली

दाभोळ
१६ फेब्रुवारी २०२५

वलीस,

२२ डिसेंबरला अम्मी दाराआड झाडत होती. केरसुणी लागून रायफल आडवी झाली. चापाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. गोळी डाव्या घोट्यात. तिची शुगर तुला माहीत आहे. जखम चिघळली, रत्नागिरीला गुडघ्याखालून पाय काढला.

भरून मी ठेवली होती. ते मी रोज तिच्यासमोर बसून कबूल करतो. तुझा म्हातारा ओरडला त्यानंतर बारा दिवस तुझ्या खिशात फोन होता. ते तू कुणासमोर कबूल करणार?

अम्मीने शपथ घातलीय, वलीला फोनवर कुणी सांगायचं नाही, पोर नोकरी टाकून येईल. लिहायचं नाही, असं ती बोलली नव्हती.

चित्र अजून उशाखालीच आहे. काढू देत नाही.

लोभ तिचा आहे, माझा मागू नकोस. चपला मापाच्या आहेत. उजवी ठेवून घेतली. डावी तबिशबरोबर परत पाठवतोय.

खलील