जहागीरदारांच्या बागेतली तलवार

२४ सप्टेंबर २०२५
तलवार सापडली! हौदाजवळ मोगऱ्यासाठी खड्डा करत होते, कुदळ खणकन वाजली. वाटलं, पाइप फुटला. निघालं हातभर लांब, गंजानं पोपडे धरलेलं लोखंड. जहागीरदारांच्या या बागेत सोळा वर्षं माळीण आहे, पण लोकांनी माझ्याबरोबर फोटो आज पहिल्यांदा काढले. म्हणजे तलवारीबरोबर. मी कडेला होते.

२६ सप्टेंबर
बाग समितीचे अध्यक्ष उकंडराव दिवाळीनंतर बाग मोडून लग्नाचं लॉन करणार होते. आता पेपरात फोटो येईल म्हणून पुरातत्त्व खात्याच्या अर्जावर त्यांनीच सही केली. तलवार जुनी ठरली तर बागेला हात लावता येणार नाही म्हणे. ठरू दे रे देवा! बकुळीची रांग मी पोरींसारखी वाढवलीय.

३० सप्टेंबर
उकंडरावांना तलवार दसऱ्याच्या पूजेला हवी. "गंजलेलं शस्त्र कोनी पूजेले ठेवते काय?" म्हणाले. बरोबरच वाटलं. चिंच-राखेनं आधी मीच घासली, मग मेहबूबचाचा लोहारांच्या भट्टीवर नेली. चाचा एकदाच बोलले, "पूरा गंज काढला तं हातात काय उरन, सांगता येत नाई." घाईत कोण ऐकतो!

२ ऑक्टोबर
दसरा. तलवारीत तोंड दिसत होतं. नवी मूठ, वर झेंडूचा हार. उकंडरावांचं भाषण पाऊण तास.

१४ ऑक्टोबर
पुरातत्त्वाच्या रुचिका मॅडम आल्या. तलवार उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, गंज कुठंय?
उकंडराव छाती फुगवून म्हणाले, "काढला न मॅडम. सारा काढला."
वय सांगणारं सगळं त्या गंजातच होतं म्हणे. आता ती बाजारातली वाटते. मला तिथेच रडू आलं.
जाता जाता त्यांनी माझा खड्डा पाहिला. आतली गंजकी ढेकळं पिशवीत भरली, खाली आणखी लोखंड असेल म्हणाल्या. मी आता आशा करत नाही.

१८ नोव्हेंबर
पुरातत्त्वाचं पत्र आलं. खड्ड्यातली ढेकळं जुनी ठरली — लॉन रद्द! बाग मोडायची नाही! उकंडराव पेढे वाटत फिरताहेत, जणू खड्डा त्यांनीच खणला. मीही दोन खाल्ले.

१९ नोव्हेंबर
पत्राचं दुसरं पान आज वाचलं. ओल लागली तर जमिनीतलं लोखंड सडेल. उद्यापासून बागेत पाणी घालायचं नाही.